नायट्रस मोटारींची स्वतंत्र इंधनप्रणाली

नायट्रस मोटारींची स्वतंत्र इंधनप्रणाली म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने इंजिनाची शक्ती अल्पकाळ वाढविणाऱ्या मोटारीत, त्या वाढीव शक्तीपुरते इंधन पुरविण्यासाठी बसविलेली वेगळी टाकी, गाळणी, पंप, दाबनियंत्रक, नळ्या व झडपा यांची रचना होय. मोटारीची मूळ इंधनव्यवस्था नेहमीप्रमाणे चालू राहते. चालकाने नायट्रस सोडल्यावर मात्र दुसरी व्यवस्था काही सेकंदांसाठी कार्यान्वित होते. अशी रचना प्रामुख्याने सरळ धावपट्टीवरील ड्रॅग शर्यतींच्या मोटारींत आढळते.

नायट्रस ऑक्साइड हे स्वतः इंधन नव्हे. ते इंजिनाला जादा ऑक्सिजन पुरविते. या ऑक्सिजनाच्या प्रमाणात जादा पेट्रोल त्याच क्षणी मिळाले तर शक्ती वाढते. न मिळाल्यास इंजिनाची हानी होते. त्यामुळे नायट्रसच्या बाटलीपेक्षा इंधनाचा पुरवठा हाच या योजनेतील अधिक महत्त्वाचा भाग मानला जातो. प्रस्तुत लेखात या प्रणालीचे तत्त्व, घटक, आकडेमोड आणि जुळवणी यांची माहिती दिली असून रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांचे हवामान, बोर घाटाची चढण आणि भारतातील कायदा यांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

इतिहास

नायट्रस ऑक्साइडचा शोध इंग्लिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये लावला. हंफ्री डेव्ही यांनी या वायूच्या परिणामांवरील आपले संशोधन १८०० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे भूल देण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला आणि ‘हसविणारा वायू’ या नावाने तो सर्वसामान्यांना परिचित झाला.

इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी त्याचा मोठा वापर दुसऱ्या महायुद्धात झाला. जास्त उंचीवर हवा विरळ असल्याने विमानाच्या इंजिनाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जर्मन हवाई दलाने मेसरश्मिट बीएफ १०९ सारख्या विमानांत ‘जीएम-१’ नावाची नायट्रस योजना वापरली. ब्रिटिशांनीही मॉस्किटो या विमानाच्या काही रात्रयोद्धा प्रकारांत नायट्रसचा उपयोग केला.

मोटारींच्या क्षेत्रात अमेरिकेतील ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही १९७८ मध्ये स्थापन झालेली कंपनी विशेष प्रसिद्ध झाली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नॉस’ हा शब्द रूढ झाला. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या २००१ मधील चित्रपटामुळे तो भारतातील तरुणांपर्यंत पोहोचला. चित्रपटात कळ दाबताच मोटार झेपावताना दिसते. त्यासाठी लागणारी इंधनाची तयारी पडद्यावर दिसत नाही, म्हणून ‘बाटली बसविली की काम झाले’ असा गैरसमज पसरला.

नायट्रसचे कार्य

हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रस ऑक्साइडमध्ये तो सुमारे ३६ टक्के असतो. इंजिनातील दहनाच्या उष्णतेने नायट्रसचे विघटन होऊन नायट्रोजन व ऑक्सिजन सुटे होतात. या विघटनात उष्णताही बाहेर पडते. शिवाय बाटलीत द्रवरूप असलेले नायट्रस बाहेर येताच बाष्परूप होते. त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने आत जाणारी हवा एकदम थंड व दाट होते. या सर्व कारणांनी तेवढ्याच आकारमानाच्या इंजिनात अधिक इंधन जाळणे शक्य होते.

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी १ किलोग्रॅम पेट्रोलास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हवेऐवजी नायट्रस वापरल्यास सुमारे ९.६ किलोग्रॅम पुरते. प्रत्यक्षात हे सैद्धांतिक प्रमाण कोणी वापरीत नाही. इंधन थोडे अधिकच ठेवले जाते, कारण जादा इंधन दहनाचे तापमान आटोक्यात ठेवते.

इंधन कमी पडल्यास मिश्रण, गॅरेजच्या भाषेत, ‘लीन’ होते. तापमान व दाब झपाट्याने वाढतात आणि ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते. यास नॉकिंग म्हणतात. साध्या मोटारीत घाट चढताना होणारे हलके नॉकिंग ऐकू येते आणि चालक गिअर बदलून ते थांबवू शकतो. नायट्रस चालू असताना तेवढी उसंत मिळत नाही. दट्ट्याच्या कडा तुटणे, त्याच्या माथ्याला भोक पडणे, हेड गॅस्केट उडणे असे प्रकार एक-दोन सेकंदांतही घडू शकतात.

स्वतंत्र प्रणालीची गरज

नायट्रससाठी जादा इंधन देण्याच्या तीन पद्धती आहेत. ‘ड्राय’ पद्धतीत इंजिनाचा नियंत्रक संगणक मूळ इंजेक्टरांनाच अधिक वेळ उघडे ठेवतो. ‘वेट’ पद्धतीत मूळ इंधननळीला फाटा काढून ते पेट्रोल वेगळ्या झडपेतून नायट्रसबरोबर सोडले जाते. तिसऱ्या पद्धतीत इंधनाचा उगमच वेगळा असतो. हीच स्वतंत्र प्रणाली होय.

कर्जत स्थानकावरील रेल्वेची व्यवस्था या तत्त्वाचे उत्तम उदाहरण आहे. बोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याची तीव्र चढण १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर अंतरात मार्ग १ मीटर चढतो. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि घाट चढून गेल्यावर ती सोडतात. ही जादा इंजिने पुढच्या इंजिनाच्या शक्तीतला वाटा घेत नाहीत. आपली शक्ती आपणच आणतात. नायट्रसचा उपयोगही असाच, थोड्या अंतरापुरता असतो. त्याच्या वाट्याचे इंधन जर मूळ पंपातूनच ओढले, तर ऐन गरजेच्या क्षणी मूळ इंजिनाचा वाटा कमी होतो.

स्वतंत्र प्रणालीचे प्रमुख लाभ पुढीलप्रमाणे आहेत.

१. मूळ पंप व नळी यांच्यावर जादा भार पडत नाही, त्यामुळे इंजिनाच्या नेहमीच्या पुरवठ्याचा दाब टिकून राहतो.
२. नायट्रसच्या वाट्याचा दाब वेगळा ठेवता येतो. इंजेक्शनच्या मोटारीत मूळ दाब साधारण ३ ते ४ बार असतो, तर स्वतंत्र प्रणालीत पुष्कळदा ०.३५ ते ०.५ बार इतका कमी दाब वापरला जातो. १ बार म्हणजे जवळपास एका वातावरणाचा दाब.
३. छोट्या टाकीत अधिक ऑक्टेन अंकाचे इंधन भरता येते. ऑक्टेन अंक जितका अधिक, तितका त्या इंधनाचा नॉकिंगला प्रतिकार अधिक. सर्व मोटार महाग इंधनावर चालविण्याची गरज उरत नाही.
४. जुळवणी एकदा केली की मूळ टाकीतील पेट्रोल बदलले तरी ती बदलत नाही.

या पद्धतीचे तोटेही आहेत. वजन व खर्च वाढतो, जोडांची संख्या वाढल्याने गळतीच्या जागा वाढतात आणि मोटारीत पेट्रोलची दुसरी टाकी येते. अल्प प्रमाणात नायट्रस वापरणाऱ्या मोटारीत, मूळ पंपाची क्षमता तपासून खात्री केली असल्यास, वेगळ्या प्रणालीची गरज भासेलच असे नाही.

घटक

टाकी : शर्यतीच्या एका धावेत इंधन अगदी थोडे लागते, त्यामुळे २ ते ४ लिटरची टाकी पुरेशी होते. मोटार झेपावताना पेट्रोल मागे उसळते. म्हणून टाकीचे तोंड मागील तळाशी ठेवतात व आत आडपडदे किंवा स्पंज भरतात. टाकीला हवा घेण्याचे छिद्र हवे. मात्र मोटार उलटल्यास ते बंद होईल अशी झडप त्यावर आवश्यक आहे. टाकी आणि माणसे बसण्याची जागा यांच्यामध्ये धातूचा सलग पडदा असावा लागतो.

गाळण्या : पंपाच्या अलीकडे जाड व पलीकडे बारीक अशा दोन गाळण्या बसवितात. जेटचे छिद्र एक मिलिमीटरच्या आसपासचे असते. त्यात एक कण अडकला तरी पुरवठा घटतो.

पंप : पंप टाकीजवळ व तिच्या तळापेक्षा खाली असावा. बहुतेक विद्युत पंप इंधन ढकलण्यात समर्थ, पण ओढण्यात दुबळे असतात. पंपावर लिहिलेली क्षमता ठरावीक दाबाला व ठरावीक व्होल्टेजला असते. तारा बारीक असल्यास पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही व प्रवाह कमी होतो. त्यामुळे पंपाला रिले व फ्यूज यांच्यामार्फत स्वतंत्र जाड तार देतात.

दाबनियंत्रक : हा इंजिनाजवळ बसवितात. टाकीकडे परतीची नळी असलेला नियंत्रक अधिक स्थिर दाब देतो. परतीविना असलेल्या नियंत्रकात झडप बंद असताना दाब वर चढतो आणि उघडताच कोसळतो.

नळ्या : नळीचा आतील व्यास पंपाच्या क्षमतेला साजेसा असावा. सुमारे ९.५ मिलिमीटरची नळी सामान्यतः वापरली जाते. नळी गरम निकासनळीपासून दूर व घासणार नाही अशी बांधावी लागते.

सोलेनॉइड झडप व जेट : विद्युतप्रवाह मिळताच उघडणारी ही झडप इंधनाचा मार्ग मोकळा करते. तिच्या पुढे असलेले जेट, म्हणजे मोजून पाडलेले बारीक छिद्र, प्रवाहाचे प्रमाण ठरविते. नायट्रस ६० बारच्या आसपासच्या दाबाने तत्काळ पोहोचते, तर इंधनाला वेळ लागतो. म्हणून इंधनाची झडप शक्य तितकी इंजिनाजवळ ठेवतात, जेणेकरून दोन्ही एकाच वेळी आत जातील.

टाकीची जागा

टाकी मोटारीच्या पुढील भागात ठेवावी की मागील डिकीत, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. मोटार जोराने पुढे झेपावते तेव्हा नळीतील पेट्रोलचा स्तंभ मागे रेटला जातो. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने निघालेल्या मोटारीत ३ मीटर लांबीच्या नळीत हा उलटा दाब सुमारे ०.२२ बार भरतो. त्याच्या निम्म्या त्वरणाला ०.११ बार. ठरविलेला दाबच ०.४ बार असेल तर ही घट फार मोठी ठरते. पंपाचा दाब पुरेसा अधिक ठेवून इंजिनाजवळील नियंत्रकाने तो उतरविणे हा एक उपाय आहे. टाकीच इंजिनाच्या पुढे ठेवणे हा दुसरा उपाय होय. तेव्हा हेच त्वरण इंधनाला इंजिनाकडे ढकलते. मात्र पुढील धडकेत अशी टाकी प्रथम सापडते. त्यामुळे तिच्याभोवती मजबूत संरक्षक सांगाडा असल्याखेरीज ही जागा योग्य समजली जात नाही.

इंधनाची आकडेमोड

जादा शक्तीसाठी लागणाऱ्या इंधनाचा अंदाज साध्या त्रैराशिकाने काढता येतो. पेट्रोल इंजिनास पूर्ण भार असताना दर अश्वशक्तीस तासाला सुमारे २२७ ग्रॅम इंधन लागते, असे ढोबळमानाने धरतात. १०० जादा अश्वशक्ती हव्या असतील तर :

• तासाला लागणारे इंधन : १०० × २२७ ग्रॅम = २२.७ किलोग्रॅम
• सेकंदाला लागणारे इंधन : सुमारे ६.३ ग्रॅम
• घनता लिटरला ०.७५ किलोग्रॅम धरल्यास : तासाला सुमारे ३० लिटर
• नायट्रस व इंधन यांचे प्रमाण ७:१ ठेवल्यास : सेकंदाला सुमारे ४४ ग्रॅम नायट्रस
• १२ सेकंदांच्या एका धावेत : सुमारे ७६ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटर पेट्रोल

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एकूण इंधन चहाच्या कपाएवढे आहे, म्हणून टाकी लहान चालते. पण प्रवाहाचा वेग तासाला ३० लिटरांचा आहे, म्हणून पंप लहान चालत नाही. सुरक्षिततेसाठी पंपाची क्षमता गरजेच्या दीडपट, म्हणजे प्रत्यक्ष दाबाला तासाला ४५ लिटरच्या आसपास ठेवतात.

दाबाची जुळवणी

दाबमापकाचा काटा झडप बंद असताना योग्य आकड्यावर आहे, एवढ्यावर समाधान मानणे ही सर्वांत सामान्य चूक होय. प्रवाह सुरू झाल्यावर टिकणारा दाब हाच खरा दाब असतो. त्यासाठी इंजिन बंद ठेवून, नायट्रसची बाटली पूर्ण बंद करून, इंधनाची नळी मोजपात्रात सोडतात आणि त्याच मापाच्या जेटमधून ठरावीक वेळ पेट्रोल वाहू देतात. वरील उदाहरणात १० सेकंदांत सुमारे ८४ मिलिलिटर पेट्रोल जमा झाले पाहिजे. ते कमी भरल्यास नियंत्रकावर दाब वाढवितात किंवा मोठे जेट बसवितात. ही चाचणी उघड्या, हवेशीर जागी, ठिणगीपासून दूर व अग्निशामक जवळ ठेवूनच करावी लागते.

छिद्रातून वाहणारा द्रव दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमीअधिक होतो. दाब ४ वरून ३ बारवर उतरला तर प्रवाह सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. हा फरक नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पण इंजिनाला जाणवतो.

इंधनाबरोबर ठिणगीची वेळही बदलावी लागते. नायट्रसमुळे दहन जलद होते, म्हणून दर ५० जादा अश्वशक्तींमागे ठिणगी साधारण १ ते २ अंश उशिरा देतात. तसेच एक-दोन श्रेणी थंड स्पार्क प्लग वापरतात.

संरक्षक कळींची साखळी

नायट्रसची झडप उघडण्यापूर्वी काही अटी पूर्ण व्हाव्यात, अशी विद्युतजोडणी केलेली असते. चालकाच्या हातातील मुख्य कळ चालू असावी; पायाखालील पेडल पूर्ण दाबलेले असावे; इंजिनाची गती ठरावीक मर्यादांमध्ये, उदाहरणार्थ मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर, असावी; आणि इंधनाचा दाब ठरविलेल्या किमान पातळीवर असावा. यांतील एकही अट मोडल्यास नायट्रस बंद होते.

इंधनदाबाची कळ ही या साखळीतील सर्वांत महत्त्वाची कडी आहे. टाकी रिकामी झाली, पंपाचा फ्यूज उडाला किंवा नळी निसटली, तरी चालकाला ते धावेत कळत नाही; कळीला मात्र तत्काळ कळते. गतीची अटही अकारण नाही. कमी गतीला आतील हवेचा वेग मंद असल्याने इंधन प्रवेशनळीतच साचते आणि एखाद्या ठिणगीने तेथेच भडका उडतो. म्हणजे इंधन कमी पडणे जसे घातक, तसे ते अवेळी पोहोचणेही घातक आहे.

कर्जत-खालापूर परिसरातील परिस्थिती

परदेशी पुस्तिकांतील आकडे थंड प्रदेशातील धावपट्ट्यांवर आधारलेले असतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. याची चार कारणे आहेत.

उन्हाळा : बाटलीत द्रव व वाफ एकत्र असतात, तोवर बाटलीचा दाब फक्त तापमानावर अवलंबून असतो. तो १० अंश सेल्सिअसला सुमारे ४० बार, २० अंशांना ५० बार, तर ३० अंशांना ६३ बार असतो. ३६.४ अंश हे नायट्रसचे क्रांतिक तापमान आहे. त्यापुढे द्रव व वाफ हा भेद उरत नाही आणि दाब वेगाने चढत जातो. थंड देशांत बाटलीला ऊब देण्यासाठी विद्युत पट्टा वापरतात. कर्जत-खालापुरात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतील तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची डिकी त्याहून अधिक तापते. येथे ऊब देण्याचा नव्हे, तर बाटली थंड ठेवण्याचा प्रश्न असतो. सकाळी २० अंशांना जुळविलेल्या मोटारीत दुपारी दाब ५० वरून ७० बार झाला तर, घनतेतील फरक सोडल्यास, नायट्रसचा प्रवाह सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो; इंधनाचा दाब मात्र तोच राहतो. तापलेल्या द्रवाची घनता कमी झाल्याने ही वाढ काही अंशी घटते, तरी मिश्रण बिघडण्यास ती पुरेशी असते. म्हणून धावेपूर्वी बाटलीचा दाब पाहिल्यावाचून इंधनाच्या जेटचा निर्णय घेता येत नाही.

पावसाळा : हा कोकणाचा अतिवृष्टीचा पट्टा आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास इथेनॉल व पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमका तळाकडूनच ओढतो. वर्षातून मोजक्या वेळा वापरली जाणारी छोटी टाकी या दोषाला अधिक बळी पडते. त्यामुळे वापर नसताना ती रिकामी व कोरडी ठेवणे इष्ट ठरते.

घाट : कर्जत व खोपोलीचा सखल भाग समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे, लोणावळा सुमारे ६२५ मीटर उंचीवर आहे. एवढ्या चढणीत हवेची घनता ५ ते ६ टक्क्यांनी घटते व इंजिनाची मूळ शक्ती त्या प्रमाणात कमी होते. नायट्रसचे माप मात्र बाटलीचा दाब व जेट यांवर ठरते, उंचीवर नाही. साहजिकच नायट्रसच्या वाट्याचे इंधनही कमी करून चालत नाही. मूळ प्रणाली हवेप्रमाणे बदलते, स्वतंत्र प्रणाली बाटलीप्रमाणे. दोन्हींचे मोजमाप वेगळे ठेवण्याचा फायदा येथे स्पष्ट दिसतो.

पेट्रोल : भारतातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला जळण्यास बाहेरचा ऑक्सिजन कमी लागतो. निव्वळ पेट्रोलसाठी ९.६ असलेले नायट्रसचे सैद्धांतिक प्रमाण ई-२० साठी सुमारे ८.८ वर येते. म्हणजे तेवढ्याच नायट्रसला वजनाने ८ ते ९ टक्के अधिक इंधन लागते. निव्वळ पेट्रोलसाठी छापलेल्या कोष्टकातील जेट ई-२० बरोबर वापरल्यास मिश्रण आपोआप लीन होते. दुसरीकडे, इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला असून बाष्प होताना ते उष्णताही अधिक शोषते. रबरी नळ्या व वायसर मात्र इथेनॉल सहन करणारेच हवेत. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे ‘एक्सपी १००’ पेट्रोल निवडक शहरांत आणले. छोट्या टाकीसाठी असे इंधन विचारात घेता येते. कोणतेही इंधन वापरले तरी जुळवणी ज्यावर केली, तेच पुढे वापरणे आवश्यक आहे.

सुरक्षितता

नायट्रस स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला प्रखर करते. त्याच्या नळ्यांत व झडपांत तेल किंवा ग्रीस असता कामा नये. बाटली व इंधनाची टाकी एकमेकींपासून दूर ठेवतात. बाटलीला दाब मर्यादेबाहेर गेल्यास फुटणारी सुरक्षा चकती असते. तिचा वायू मोटारीच्या बाहेर सोडणारी नळी आवश्यक असते. अमेरिकेतील मोहावी येथे २६ जुलै २००७ रोजी रॉकेटसाठी नायट्रसच्या प्रवाहाची चाचणी चालू असताना झालेल्या स्फोटात तीन जण ठार झाले. त्या चाचणीत इंधन पेटविलेलेही नव्हते.

रुग्णालयातील औषधी नायट्रस मोटारीसाठी वापरणे अयोग्य आहे. मोटारीसाठीच्या नायट्रसमध्ये कोणी तो हुंगू नये म्हणून पुष्कळदा अल्प गंधक डायऑक्साइड मिसळलेला असतो. बंद जागेत नायट्रस हुंगल्यास ऑक्सिजनाअभावी बेशुद्धी व मृत्यू ओढवू शकतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी संमतीविना शर्यत लावणे कलम १८९ नुसार गुन्हा आहे.

या संदर्भात सीएनजीची तुलना उद्बोधक आहे. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा व मोटारींतही उच्च दाबाची टाकी व वेगळी इंधनप्रणाली असते. परंतु तो संच मान्यताप्राप्त असतो, त्याची नोंद नोंदणीपत्रावर होते व टाकीची ठरावीक मुदतीने दाबचाचणी होते. सार्वजनिक रस्त्यावरील मोटारीतील नायट्रससाठी अशी मान्यतेची वाट उपलब्ध नाही.

दाबाखालील वायूच्या बाटल्यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच ‘पेसो’, करते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले, एकूण ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल विहित भांड्यांत परवान्याविना ठेवता येते.

स्पर्धांमधील स्थान

भारतातील मोटारशर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. महाराष्ट्रात ड्रॅग शर्यतींसाठी पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅलीची खासगी धावपट्टी परिचित आहे. एलिट ऑक्टेन या संस्थेची ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा तेथे भरत आली आहे. मुंबईकडून येणाऱ्या मोटारी खालापूरवरून बोर घाट चढून लोणावळामार्गे तेथे पोहोचतात. शर्यतीच्या मोटारी ट्रकवर लादून नेण्यामागे कायदा हे एक कारण आहे. दुसरे कारण असे की, सखल भागातील तापलेल्या हवेत भरलेली बाटली आणि घाटमाथ्यावरील धावपट्टी यांच्यात तापमान व उंची या दोहोंचा फरक पडतो. घरी केलेली जुळवणी तेथे पुन्हा तपासावीच लागते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच दोन तालुक्यांच्या परिसरातून जातो. त्याचा रुंद, सरळ पृष्ठभाग धावपट्टीसारखा भासला तरी तो सार्वजनिक रस्ता आहे. मोजपात्रातील चाचणी, पूर्ण शक्तीची धाव किंवा दाबकळीची परीक्षा यांपैकी कशासाठीही त्याचा वापर होऊ शकत नाही. नायट्रस मोटारीची तपासणी डायनोवर, म्हणजे चाके जागेवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, आणि त्यानंतर बंदिस्त धावपट्टीवर केली जाते. प्रथम इंधनाचा प्रवाह, मग संरक्षक कळी आणि सर्वांत शेवटी नायट्रसची बाटली उघडणे, हा क्रम जगभर पाळला जातो.